एक मॉडेल ३८ मिमी सांगतंय, दुसरं २ मिमी. कांदा काढायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : चांदवड तालुक्यात चार एकर उन्हाळ कांदा, माना पडल्यात म्हणजे काढणीला आलाय, मजुरांची टोळी बुधवारी मिळतेय. विंडी या हवामानाच्या ॲपवर शुक्रवारी जीएफएस हे अमेरिकेचं मॉडेल (संगणकावर हवामानाचा अंदाज काढणारी प्रणाली) ३८ मिमी पाऊस दाखवतंय आणि ईसीएमडब्ल्यूएफ हे युरोपचं मॉडेल २ मिमी. काल रात्री पाहिलं तेव्हा हेच आकडे जवळजवळ उलटे होते. हवामान विभागाने जिल्ह्याला यलो अलर्ट दिलाय. यातलं खरं कुठलं, आणि बुधवारी कांदा उपटायचा की थांबायचं?

मी शेतकरी गटांना हवामानाचा सल्ला देण्याचं काम करतो. एप्रिल-मेमध्ये सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असतो. तुमच्या शेतापुरता यातला एकही आकडा खरा धरू नका. पण दोन्ही मॉडेल मिळून एक गोष्ट सांगताहेत, ती मात्र धरा : शुक्रवारच्या आसपास नाशिकच्या पूर्व भागात वळवाला पोषक हवा असणार आहे. मतभेद आहे तो ढग नेमका कुठे फुटणार याबद्दल, आणि तीन-चार दिवस आधी ते कुठल्याच मॉडेलला सांगता येत नाही. तुमचा निर्णय खरं तर दुसऱ्याच दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पुढचे सलग किती दिवस कोरडे मिळणार, आणि थांबलात तर पुढे याहून चांगली उघडीप दिसतेय का.

ताडपत्री किती आहे, कांदाचाळ रिकामी आहे का, कांदा साठवायचाय की लगेच बाजारात न्यायचाय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे ‘काढा’ किंवा ‘थांबा’ असं एका शब्दात सांगता येणार नाही. मी स्वतः कसा विचार करतो ते सांगतो.

आधी हे आकडे इतके वेगळे का येतात ते पाहू. मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं. ईसीएमडब्ल्यूएफचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा, अमेरिकेच्या जीएफएसचा साधारण १३ किलोमीटरचा. ९ किलोमीटरचा चौकोन म्हणजे ८१ चौरस किलोमीटर, सुमारे २०,००० एकर. एवढ्या सगळ्या शिवाराला मिळून पावसाचा एकच आकडा. वळवाचा एकटा ढग मात्र काही किलोमीटरचाच असतो आणि त्यातला जोरदार सरीचा पट्टा त्याहून लहान. हा ढग मॉडेलला दिसतच नाही. चौकोनातलं तापमान, बाष्प आणि हवेची वरची-खालची हालचाल पाहून ‘इथे अशा ढगांमुळे सरासरी इतका पाऊस पडेल’ असा अंदाज ते ठरावीक सूत्रांनी बांधतं. समजा चौकोनाच्या आठव्या भागावर ४० मिमी कोसळला आणि बाकी सगळं कोरडं राहिलं, तर सरासरी येते ५ मिमी. म्हणजे ॲपवर ५ मिमी दिसलं त्या दिवशी एखाद्या गावात नाले वाहतात, शेजारच्या गावात धूळही बसत नाही, आणि ५ मिमी कदाचित कुणालाच मिळत नाही.

जीएफएसच्या ३८ ची गोष्ट वेगळी आहे. कधी कधी मॉडेलची ती सूत्रं हवेतली अस्थिरता वेळेवर मोकळी करत नाहीत. मग अख्खा चौकोनच एका ढगासारखा वागायला लागतो आणि नकाशावर एका जागी पावसाचा गडद ठिपका उमटतो. पुढच्या रनमध्ये, म्हणजे मॉडेलने नव्याने काढलेल्या अंदाजात, तो ठिपका तीस-चाळीस किलोमीटर सरकलेला किंवा गायब असतो. काल आणि आज तुम्हाला आकडे उलटे दिसले त्याचं बहुधा हेच कारण. अशा ठिपक्याची जागा सोडून द्यायची आणि एवढंच लक्षात घ्यायचं, की या भागात त्या दिवशी बाष्प भरपूर आहे असं मॉडेलला वाटतंय.

आपल्याकडच्या डोंगरांचाही प्रश्न आहे. चांदवडची सातमाळ्याची रांग किंवा बागलाणातले सेलबारी-डोलबारीचे डोंगर इतक्या मोठ्या चौकोनांत बोथट होऊन जातात. दुपारी पहिले ढग मात्र बऱ्याचदा याच उतारांवर चढतात. कुठल्या बाजूला ढग उभा राहिला की आपल्या शिवारात येतो, हे गावातल्या जुन्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. ती माहिती मॉडेलमध्ये नाही, म्हणून ती जरूर वापरा.

वेळेबाबतही सावध राहा. मोठ्या चौकोनांची मॉडेल वळवाचा पाऊस लवकर पाडतात. ॲपवर दुपारी बारा-एकला सर दिसते, प्रत्यक्षात ढग चार वाजता बांधला जातो आणि पाऊस संध्याकाळी किंवा रात्रीपर्यंत लांबतो. त्यामुळे ‘तीन वाजले, आला नाही, टळला’ असं समजून ताडपत्री काढू नका. दिवसाची मोजणीही वेगवेगळी असते. हवामान विभागाचा पाऊस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा मोजला जातो. गुरुवारी संध्याकाळी पडलेली सर शुक्रवारच्या नोंदीत येते. ॲपचा ‘शुक्रवार’ मध्यरात्री सुरू होतो. नोंद आणि अंदाज ताडून पाहताना हा फरक विसरला, की बरोबर आलेला अंदाजही चुकलेला वाटतो.

मग पावसाचा आकडा बाजूला ठेवून पाहायचं काय? मी सगळ्यात आधी वारा पाहतो. विंडीवर उंची बदलून ८५० हेक्टोपास्कल निवडा (तिथे उंची हवेच्या दाबाने सांगतात). ही समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटरची पातळी. तुमची जमीन सहाशे मीटरच्या वर असल्याने ती तुमच्या डोक्यावर नऊशे मीटरच्या आतच येते. मेमध्ये राजस्थान-गुजरातकडून येणारा वायव्येचा वारा कोरडा असतो. बंगालच्या उपसागराकडून तेलंगणा-मराठवाड्यामार्गे येणारा आग्नेयेचा किंवा दक्षिणेचा वारा बाष्प घेऊन येतो. हे दोन प्रवाह जिथे भेटतात ती रेषा विदर्भ-मराठवाड्यातून कर्नाटकाकडे उतरलेली असते, आणि वळीव बहुतेक तिच्या आसपास होतो. ही रेषा पश्चिमेला सरकून नगर-नाशिकवर येतेय का, एवढंच पाहायचं. वाऱ्याचा असा मोठा आराखडा मॉडेल तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी पकडतात. पावसाच्या आकड्यापेक्षा माझा त्यावर कितीतरी जास्त भरवसा आहे. दोन्ही मॉडेलमध्ये ही रेषा सारख्याच जागी असेल, तर पावसाचे आकडे ३८ आणि २ असले तरी अंदाज मुळात एकच आहे.

दुसरी गोष्ट दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं ते तापमान. तो जितका जास्त, तितकं हवेत बाष्प जास्त. दुपारचं तापमान चाळीस आणि दवबिंदू आठ-दहा असेल, तर ढगाचा तळ फार उंच राहतो आणि बराचसा पाऊस जमिनीवर पोचण्याआधीच सुकतो. पण तो सुकताना हवा थंड होऊन वेगाने खाली आपटते. धुळीचं वादळ येतं, पत्रे उडतात, आणि नीट न बांधलेली ताडपत्रीही जाते. दवबिंदू अठराच्या वर चढला की सर जमिनीवर उतरते. माझ्या कामापुरती मी धरलेली ही मर्यादा आहे, निसर्गाचा नियम नव्हे. पण सलग दोन-तीन दिवस दवबिंदू चढत गेलेला दिसला, की मी गटांना तयारीचा निरोप देतो.

केप नावाचा एक आकडाही तुम्हाला दिसेल. हवा वर उसळायला लागली तर तिच्यापाशी किती ऊर्जा आहे, ते तो सांगतो. आकडा मोठा म्हणजे वादळ नक्की, असं मात्र नाही. वरच्या थरात कोरडी, गरम हवा झाकणासारखी बसलेली असेल, तर खालची ऊर्जा तशीच कोंडून राहते आणि दिवस उकाड्यात निघून जातो. झाकण फुटायला डोंगराचा उतार, वाऱ्यांची भेट किंवा शेजारच्या वादळातून आलेला गार वारा असं काहीतरी निमित्त लागतं. म्हणून वाऱ्याची रेषा आणि दवबिंदू यांच्याबरोबरच मी केप वाचतो, एकट्याने कधीच नाही.

गारांची भीती तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. ५०० हेक्टोपास्कलवर, म्हणजे पावणेसहा किलोमीटरच्या आसपास, पश्चिमेकडून थंड हवेचा पट्टा खाली उतरला आणि त्याच वेळी खाली बाष्प असलं की गारपिटीचा धोका वाढतो. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा-विदर्भात झालेली गारपीट आठवत असेल. मेमध्ये गोठणबिंदूची पातळी बरीच वर गेलेली असते आणि लहान गारा खाली येताना वितळतात. धोका शून्य होत नाही, पण मार्चपेक्षा कमी असतो.

आता ‘कुठलं मॉडेल’ या प्रश्नाचं माझं उत्तर : एकटं कुठलंच नाही. ईसीएमडब्ल्यूएफ एकाच वेळी ५१ रन करतं, प्रत्येकाची सुरुवातीची स्थिती किंचित बदलून. या समूहात शुक्रवारी बहुतेक रनमध्ये तुमच्या भागात थोडाफार पाऊस असेल आणि प्रमाण मात्र १ ते ४० मिमी असं पसरलेलं असेल, तर प्रदेशात पाऊस जवळजवळ ठरलेला आणि जागा अनिश्चित. निम्म्या रन पूर्ण कोरड्या आणि उरलेल्यांत पाऊस असेल, तर वाऱ्याच्या रेषेबद्दलच एकमत नाही, आणि तेव्हा एक दिवस थांबून पुन्हा पाहणं शहाणपणाचं. आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने विकसित केलेलं भारत फोरकास्ट सिस्टीम हे मॉडेल मे २०२५ पासून सुरू आहे. त्याचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. ही मोठीच प्रगती आहे, पण एकट्या ढगासाठी तोही चौकोन मोठाच. एआयवर चालणारी नवी मॉडेल वाऱ्याचा आराखडा चांगला देतात, वळवाचा पाऊस मात्र सपाट करून टाकतात.

रन पाहण्याची वेळही महत्त्वाची आहे. सकाळी सातला तुम्ही जो ईसीएमडब्ल्यूएफ पाहता, तो आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या स्थितीवरून निघालेला असतो. पहाटे साडेपाचच्या निरीक्षणांवरचा रन ॲपवर यायला दुपार होते. मजूर ठरवण्याचा निर्णय शक्यतो दुपारच्या जेवणानंतर घ्या, आणि तुलना करताना सकाळच्या रनशी सकाळचा, संध्याकाळच्याशी संध्याकाळचा ताडून पाहा. तीन रन सलग एकाच दिशेने सरकत असतील तर त्यात अर्थ असतो. एक रन इकडे आणि एक तिकडे असेल, तर त्यातला शेवटचा खरा मानायला काहीच आधार नसतो.

यलो अलर्टचा अर्थ ‘लक्ष ठेवा’ एवढाच. तो पूर्ण जिल्ह्याला असतो आणि त्यात तुमच्या गावाचं काही नसतं. त्याखालचं वाक्य वाचा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे साधारण निम्म्यापर्यंत. गुरुवारी ‘तुरळक’ होतं आणि शुक्रवारी ते ‘काही ठिकाणी’ झालं, तर तो बदल रंगापेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

आता कांद्याकडे येतो, कारण माझ्या मते घोळ इथेच होतो. तुम्ही शुक्रवारकडे बघताय, पण बुधवारी उपटलेला कांदा पातीसकट शेतात तीन-चार दिवस सुकणार, मग पात कापणार, मग सावलीत जाणार. म्हणजे बुधवार ते रविवार असे पाच दिवस तो उघड्यावर आहे. समजा तुमच्या शेतावर कुठल्याही एका दिवशी सर येण्याची शक्यता फक्त १५ टक्के आहे. ऐकायला कमी वाटते. पण पाच दिवसांत एकदा तरी भिजण्याची शक्यता निघते ५६ टक्के. रोजची शक्यता २५ टक्के धरली तर ७६. प्रत्यक्षात हे दिवस एकमेकांपासून सुटे नसतात. एकाच हवेचे दिवस सारखे वागतात, त्यामुळे हिशेब इतका काटेकोर नाही. पण दिशा हीच आहे. शुक्रवारचे ३८ खरे की २ खरे, यावर डोकं शिणवण्यापेक्षा कांदा उघड्यावर राहण्याचे दिवस कमी करा. तेवढं तुमच्या हातात आहे.

म्हणून चारही एकर एका दिवसात उपटू नका. संध्याकाळपर्यंत जेवढा कांदा गोळा करून झाकता येईल तेवढाच काढा. टोळीशी उक्ता व्यवहार एकाच दिवसाचा असेल तर दोन टप्प्यांत करण्याबद्दल बोलून पाहा. मजुरीत थोडं जास्त गेलं तरी साठवणीचा कांदा भिजण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. ढीग चढाच्या जागेवर करा, भोवती चर काढा, ताडपत्रीच्या कडा मातीने दाबा, आणि ऊन पडलं की सकाळी झाकण उघडा, नाहीतर आतल्या वाफेनेच कांदा खराब होतो. लगेच बाजारात न्यायचा असेल तर सुकवणीचे दिवस घटतात आणि गणित सोपं होतं. चाळीत चार महिने ठेवायचा असेल तर भिजलेला कांदा निरोगी कांद्यात अजिबात मिसळू नका.

आणि थांबायचं असेल तर? जमिनीत असलेला, माना पडलेला कांदा एका हलक्या सरीने बहुधा निभावतो, जर नंतर कडक ऊन आणि कोरडा वारा मिळाला तर. या ‘तर’साठी मी नकाशा दहा दिवस पुढे नेतो. इतक्या पुढे पावसाच्या आकड्याला काही किंमत नाही, वाऱ्याच्या दिशेला थोडी आहे. सोमवार-मंगळवारपासून ८५० वर पुन्हा वायव्येचा वारा आणि उतरता दवबिंदू दिसत असेल, तर पुढे उघडीप आहे. मग बुधवारची टोळी सोडून सोमवार धरा, हे मी निर्धास्त सांगेन.

पण दहा दिवसांत कुठेच कोरडा वारा दिसत नसेल, तर थांबून काहीच मिळणार नाही. मे २०२५ आठवा. अरबी समुद्रात कोकण-गोव्याच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र झालं, त्याची तीव्रता वाढली आणि २४ मे रोजी ते रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून आत आलं. त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला आणि २६ मे रोजी मुंबईत. मुंबईची सरासरी तारीख ११ जून आहे. अशा वेळी संध्याकाळची सर आणि सकाळी ऊन असा वळवाचा क्रम राहत नाही. दिवसभर ढग, दमट हवा, सुकायला जागाच नाही. पण अशी मोठी प्रणाली मॉडेलला वळवाच्या ढगापेक्षा कितीतरी चांगली दिसते. तिचा नेमका मार्ग आणि जोर आधी ठरत नाही, ‘हा आठवडा ओला’ हे मात्र बहुतेक रन सांगतात. समूहातले बहुतेक रन सलग चार-पाच दिवस ओले आणि ८५० वर सगळीकडे समुद्राकडचा वारा असं चित्र असेल, तर जेवढा झाकता येईल तेवढा कांदा लगेच काढा, उरलेल्यासाठी गावात कुणाची रिकामी शेड मिळते का बघा, आणि बाजाराचाही विचार करा. आणि एखाद्याच रनमधलं दहाव्या-बाराव्या दिवसाचं चक्रीवादळ मोबाइलवर फिरायला लागलं, तर त्यावर मजूर रद्द करू नका.

आज दुपारच्या रनवर ८५० चा वारा, दवबिंदू आणि समूहाचा पसारा पाहून मला कळवा, सोबत ताडपत्री आणि चाळीची स्थितीही. मग बुधवारचं नक्की बोलू.

प्रत्यक्ष काढणीच्या दिवशी मात्र मॉडेल बंद करा. दुपारी एकपासून उपग्रहाची चित्रं, हवामान विभागाचा तीन तासांचा तात्कालिक इशारा आणि दामिनी ॲप पाहा. मुंबईचा रडार तुमच्यापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्याचा सर्वांत खालचा किरण तुमच्यावर जवळपास चार किलोमीटर उंचीवरून जातो, त्यामुळे नुकताच बांधला जाणारा ढग त्याला उशिरा दिसतो. दामिनी विजा दाखवतं, आणि वीस-चाळीस किलोमीटरच्या आत विजा सुरू झाल्या की तुमच्याकडे साधारण अर्धा-पाऊण तास असतो. ढीग झाकण्याचं काम त्याआधी, ऊन असतानाच, तीनच्या आत संपवा. गडगडाट ऐकू आला की कांदा जसा असेल तसा सोडा आणि टोळीतल्या प्रत्येकाला पक्क्या घरात न्या. झाडाखाली कुणालाही उभं राहू देऊ नका, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास होईपर्यंत कुणालाही परत शेतात पाठवू नका.